खळ सुकेपर्यंत

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की ग्रंथालयात येणाऱ्या नव्या मुलांसाठी तुम्ही म्हणजे भिंतीवरचा एक फोटो आहात. चष्मा दोरीला बांधलेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर अशी की समोरच्याला घरी राहिलेलं पुस्तक आठवावं. फोटोवाला "हसा" म्हणाला तेव्हा तुम्ही त्याला "कशाला?" म्हणून विचारलं होतंत. मी शेजारीच उभी होते. आता त्या फोटोखाली, तुमच्याच खुर्चीत मी बसते. खुर्चीचा डावा हात अजून डुगडुगतो. सुताराला दरवर्षी बोलवायचं ठरतं आणि दरवर्षी राहून जातं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे कळण्याइतकी अक्कल मला आहे, तरी लिहितेय, कारण गेल्या शनिवारी मी तुमच्या फोटोखाली बसून एका मुलीशी खोटं बोलले आणि त्यानंतर मला तुमच्याकडे मान वर करून बघवत नाही.

मुलगी कामोठ्याची. तुम्ही ओळखत होतात ते कामोठे नव्हे, भातखाचरांचं आणि मिठागरांचं. आता तिथे सेक्टर आहेत, क्लासेस आहेत, इमारतीला इमारत चिकटलेली आहे. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन ती आईकडे येऊन राहिली आहे. तो रोज फोनवर गोड गोड लिहितो, आणि ती मला ते दाखवते, शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं. मी तिला एक चांगलं जाडजूड पुस्तक दिलं होतं. दोन दिवसांत परत घेऊन आली आणि म्हणाली, "छान होतं." मला आतल्या आत हसू आलं, ते का हे तुम्हाला सांगायला नको. मग जाता जाता तिने विचारलं, "काकू, तुम्हाला कधीच परत जावंसं नाही वाटलं?" मी क्षणाचाही वेळ न लावता म्हटलं, "एकदाही नाही." तिचा चेहरा एवढासा झाला. "मग माझ्यातच काहीतरी कमी आहे," असं म्हणून तिने ओढणी सारखी केली आणि निघून गेली. तेव्हापासून ती आलेली नाही.

मी पनवेलला परत आले ते दिवस मला आठवतात तसे तुम्हाला आठवायचं कारण नाही. तुमच्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी येतच होतं. पण माझ्या बाजूने सांगते. मी एसटी स्टँडपर्यंत आलेच नाही, पळस्पे फाट्यावरच उतरले. स्टँडवर अर्धं गाव ओळखीचं, आणि माझा डावा गाल तेव्हा चारचौघांत नेण्याजोगा नव्हता. तिथून रिक्षा केली आणि घर येईपर्यंत पदर दातात धरून बसले. आईवडील दोघंही गेलेले. घरात दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. दोघं वाईट नव्हती. दादाने शेजाऱ्यांना सांगितलं, "चार दिवस राहायला आलीये," आणि पुढे चार महिने तो तेच सांगत राहिला. वहिनीने एका दुपारी मला तिचं मासिक परत करायला ग्रंथालयात पाठवलं. मला वाटतं तिला घरात थोडी मोकळी हवा हवी होती, आणि ते चुकीचं नव्हतं.

तुम्ही गालाकडे पाहिलंत. तो पिवळा पडत आलेला होता. मग रजिस्टरकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मासिक दोन दिवस उशिरा आलंय." मी लगेच म्हटलं, चुकलं, माफ करा. "वहिनीचं चुकलं, तू कशाला माफी मागतेस? तुला काय हवंय वाचायला?" मी म्हटलं, काहीही. "काहीही नावाचं पुस्तक आमच्याकडे नाही," असं म्हणून तुम्ही उठलात, आणि आत जाऊन एक कादंबरी घेऊन आलात. संकटांना तोंड देणारी, दरवेळी पदर खोचून उभी राहणारी नायिका असलेली. तुम्हाला वाटलं असेल, मला धीर येईल. बाई, मी तिचं पहिलं पान अकरा वेळा वाचलं. डोळे ओळीवरून चालायचे, शेवटी पोचायचे, आणि आत काहीच गेलेलं नसायचं. ज्या घरात कडी वाजली की आधी पावलांचा अंदाज घ्यायचा, जेवताना समोरच्याच्या भुवयांकडे बघायचं, तिथे चार वर्षं काढल्यावर मन एका ओळीवर बसायला तयारच होत नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार? मला वाटलं मी वेडी झाले. पुस्तक परत करताना मी म्हटलं, "छान होतं." तुम्ही दुसरं दिलंत. तेही छान होतं. तिसरं खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, नाव न लिहिलेलं. चार दिवसांनी तुम्ही विचारलंत, "शेवट कसा वाटला?" मी सांगितलं, "फार हृदयस्पर्शी. रडूच आलं." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत, पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलंत. विहिरी खणण्याबद्दलचं होतं. शेवटच्या पानावर पंपाचं चित्र होतं.

मी तिथल्या तिथे किती वेळा माफी मागितली कोण जाणे. तुम्ही हसलात मात्र नाहीत. आवाज खाली आणून म्हणालात, "अक्षरं आत जात नाहीत ना?" मी मान हलवली. मला वाटलं आता उपदेश येईल, नाहीतर एखाद्या डॉक्टरचं नाव येईल. तुम्ही म्हणालात, "उद्या दुपारी ये. जुनं लुगडं नेसून ये, खळ करायचीय."

ग्रंथालयाच्या मागे तुमच्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या स्वयंपाकघरात वातीच्या स्टोव्हवर ती खळ व्हायची. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, वाळवी लागू नये म्हणून. एक ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला, म्हणजे त्यात चुकून कुणी दूध तापवू नये. तुमच्या भाच्याने एकदा ती खळ खीर समजून वाटीत घेतली होती आणि तुम्ही त्याच्या हातातली वाटी उडवलीत, ही गोष्ट तुम्ही मला निदान पन्नास वेळा सांगितलीत आणि प्रत्येक वेळी मीही हसले. "ढवळत राहा, गाठ होऊ द्यायची नाही," तुम्ही सांगता, आणि मी ढवळते. खिडकीतून तळ्याकडची हवा येते. मैद्याचा वास, रॉकेलचा वास. कुणी ओरडत नाही. खळीला एक गाठ होते आणि माझे खांदे आपोआप वर येतात. तुम्ही चमच्याने गाठ चेपता आणि म्हणता, "झालं, मोडली." बस्स, एवढंच. त्या दिवशी घरी जाऊन मी दुपारभर झोपले, कित्येक महिन्यांत झोपले नव्हते तशी.

मग तुम्ही मला फाटकी पुस्तकं दिलीत. वाचायला नाही, बांधायला. फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, जुना सरस खरवडायचा, पानं लावायची, दोऱ्याने शिवायची, पाठीला रद्दी कागदाचं अस्तर, त्यावर कापडी पट्टी, वर पुठ्ठा, आणि मग लाकडी शिकंज्यात घालून पिळायचं. शिवण्याआधी एक काम असायचं. नुसते पानांचे आकडे बघून भागत नाही, जुन्या पुस्तकांचे कोपरे झडलेले असतात, आकडेच गेलेले असतात. म्हणून एका पानाचे शेवटचे शब्द आणि पुढच्या पानाचे पहिले शब्द जुळतात का, हे मोठ्याने वाचून बघायचं. "ती दारात," मी वाचायची. पान उलटून, "उभी राहिली." जुळलं. "त्याने बैलांना," आणि "पाणी दाखवलं." जुळलं. दोन-चार शब्दांत मन कुठे पळणार? पळायच्या आतच काम झालेलं असायचं. असे महिनाभर मी पुस्तकांचे नुसते सांधे वाचले, आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की दोन सांध्यांच्या मधलं अख्खं पान मी वाचून काढलंय. मी तुम्हाला सांगायला धावत बाहेर आले. तुम्ही कुणाची तरी नोंद करत होतात. वर न बघता म्हणालात, "पुढचं वाच. मला काय सांगतेस?" पण संध्याकाळी चहाबरोबर शंकरपाळे निघाले.

त्याच पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द सापडले. वाचकांनी पुस्तकात केलेल्या खुणा खोडणं हेही माझ्याकडेच होतं. तुम्हाला त्या खुणांचा भारी राग. एका परिच्छेदात लिहिलेलं होतं की तो ओरडायचा तेव्हा तिला तितकी भीती वाटत नसे, जितकी तो ओरडण्याआधी शांत व्हायचा तेव्हा वाटे. आणि बाजूला, बारीक, बायकी अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, "खरं आहे." माझ्या हातात खोडरबर होतं. बाई, मला वाटत होतं की त्या शांततेबद्दल जगात एकट्या मलाच माहीत आहे. माझा नवरा आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा. सावकाश पट्टा सोडवायचा, घड्याळ खिडकीत नीट ठेवायचा, काच फुटू नये म्हणून, आणि मग वळायचा. हे मी दादालाही सांगितलेलं नव्हतं. आणि इथे पनवेलमधलीच कोणी बाई, वहिनीसारखी, शेजारणीसारखी, बाजारात माझ्या बाजूला उभी राहून भेंडी निवडणारी, तिने हे वाचून पेन्सिल उचलली होती. मी पुस्तक तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही वाचलंत. खुणांचा इतका राग करणाऱ्या तुम्ही, पुस्तक मिटून माझ्याकडे दिलंत. "रबर खाली ठेव," एवढंच म्हणालात.

ते पुस्तक मी शिवायला घेतलं त्या सकाळी नवऱ्याचं पत्र आलं. सुंदर अक्षर होतं त्याचं, मान्य करायलाच हवं. तू गेल्यापासून घर खायला उठतं, मी बदललोय, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी न्यायला येतो, तुझ्या आवडीच्या रंगाची साडी घेतलीय. दादा ते वाचून हळवा झाला. "माणूस चुकतो गं," म्हणाला, "आणि कबूल करतोय." मी ग्रंथालयात आले, खळ केली, पुस्तक शिवलं, पुठ्ठा चढवला, शिकंज्यात घातलं, आणि तेही उरलेले सांधे न वाचताच. पंधरा दिवसांनी तुमचे ते निवृत्त पोस्टमास्तर काठी आपटत आले. "बाई, ही बया सोळा पानांत दोनदा घर सोडते! एकदा गेलेली परत आली कधी?" मी दोन फर्मे उलटेपालटे लावले होते. एकशे चव्वेचाळीसनंतर थेट एकशे एकसष्ट, आणि मधली सोळा पानं त्याच्या मागे.

मी माफी मागायला लागले. त्यांची, तुमची, पुन्हा त्यांची. पुस्तक उसवते, भरून देते, आज रात्रीत करते, असं व्हायला नको होतं, मी अशीच आहे. पोस्टमास्तर बिचारे घाबरून "अहो, असू द्या, असू द्या" म्हणू लागले. ते गेल्यावर तुम्ही मला जे बोललात, तसं मला आजवर कुणी बोललं नाही. "चूक एकदा केलीस," तुम्ही म्हणालात, "आणि माफी चौदा वेळा मागितलीस. मी मोजली. उरलेल्या तेरा कुणाच्या? त्या इथे आणायच्या नाहीत. इथे चूक झाली तर ती लिहायची आणि पुढचं पुस्तक घ्यायचं." मी रडायला लागले तर तुम्ही रुमालाऐवजी कोरा कागद पुढे केलात. "चिठ्ठी लिही. पान एकशे चव्वेचाळीसनंतरची सोळा पानं पुढे आहेत, ती आधी वाचून मग मागे यावं. पहिल्या पानावर डकव. खाली सही कर." मी विचारलं, सही कुठल्या नावाने, आडनाव कुठलं लिहू? तुम्ही म्हणालात, "नाव लिही. आडनावाची एवढी घाई नाही." मी नुसतं माझं नाव लिहिलं. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा.

आणि मग तो शनिवार. दुपारी चारच्या सुमारास तो दादाबरोबर येतो. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, हातात साडीचं खोकं. मी आतल्या टेबलावर आहे, एका जाड पुस्तकाच्या पाठीला नुकतीच खळ लावलीय. तुम्ही काउंटरवर. तो अदबीने हात जोडतो, "नमस्कार, माझ्या मिसेसना न्यायला आलोय." तुम्ही विचारता, "सभासद आहात?" तो गोंधळतो. "नाही, मी नवरा आहे." "असाल. आतला भाग सभासदांनाही मना आहे, कर्मचाऱ्यांपुरता आहे. त्या आत्ता कामावर आहेत." दादा अवघडून कोपऱ्यातला पेपर चाळायला लागतो. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी, त्या कोन गावच्या, पदराने हात पुसत माझ्याजवळ येतात आणि कुजबुजतात, "बाईंनी सांगितलंय, मागचा दरवाजा उगडा हाय. तुला जायाचा नसंल तर जाव नको, पोरी. आमी हाव. त्याला काय घाबरतं?" मी म्हणते, "मावशी, मला खळ लावू दे."

तो काउंटरच्या पलीकडून हसतो. ते हसू मला फार आवडायचं, बाई. लग्न ठरलं तेव्हा मी त्या हसण्यावरच गेले होते. "टाक ते हातातलं," तो म्हणतो, "चल." मी म्हणते, "खळ लागलीय. आता सोडलं तर पाठ वाकडी सुकेल. वीस मिनिटं लागतील." मी हे मुद्दाम म्हटलं नव्हतं, नुसतं खरं होतं ते. "थांबतो की," तो म्हणाला आणि बाकावर बसला. मी कापडी पट्टी लावली. पुठ्ठा बसवला. पाच मिनिटं गेली असतील. त्याने घड्याळात बघितलं. मी शिकंज्याचा पहिला पीळ दिला. त्याने परत बघितलं, मग तो बोलायचा थांबला, दादाशी चाललेलं बोलणं मध्येच थांबलं, आणि चेहरा गुळगुळीत झाला. आणि त्याने सावकाश घड्याळाचा पट्टा सोडवला. घड्याळ बाकावर बाजूला ठेवलं, नीट, काच वर करून. उकडत होतं, घाम आला असेल. तेवढंच असेल. पण माझे खांदे कानाला लागले आणि हातातला पीळ तिथेच थांबला.

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. घड्याळाबद्दल तुम्हाला काही माहीत नव्हतं. तुम्ही खुर्चीतून उठलात, मध्ये आला नाहीत, त्याला काही म्हणाला नाहीत. नुसतं मला विचारलंत, "तुला जायचंय का?" अगदी पुस्तक हवंय का विचारावं तसं. मी म्हटलं, "नाही." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, म्हणून परत म्हटलं. तो उठला, "काय म्हणालीस?" दादाने पेपर खाली ठेवला. दादाला मी कधी याचे आभार मानले नाहीत, पण त्याने तेव्हा बाकावरचं घड्याळ उचललं, नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नाही म्हणालीये ती. चला, मी स्टँडपर्यंत सोडतो." साडीचं खोकं राहिलं. मावशींनी ते दोन बोटांत धरून बाहेर नेऊन दिलं, मेलेला उंदीर टाकावा तसं.

त्यानंतर तुम्ही चहा टाकलात आणि विचारलंत, "घाबरलीस?" आणि मी, खुळी, छाती पुढे काढून म्हणाले, "छे. मी ठरवलंच होतं, जायचं नाही म्हणून." बाई, तुमचे डोळे भरून आले. तुमचे! तुम्ही कपाट उघडून ती हाडाची पट्टी काढलीत, कागदाची घडी दाबायची, तुमच्या वडिलांची, वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. "ज्याचं ठरलेलं असतं त्याचा हात हलत नाही," असं म्हणून माझ्या हातात ठेवलीत. पुढे खटला, फारकत, दादाच्या घरातून बाहेर पडून भाड्याची खोली, परीक्षा देऊन इथली कायमची नोकरी, या सगळ्यात ती पट्टी माझ्या पर्समध्ये होती. तुमच्याकडे माझ्यासारख्या आणखी बायका आल्या. खेड्यावरच्या आल्या, नव्या पनवेलच्या इमारतींमधल्या आल्या, एक तर पोलिसाची बायको होती. त्यांना आधी तुम्ही विहिरींचं पुस्तक द्यायचात, मग सांधे, मग प्रवासवर्णनं, आणि सगळ्यात शेवटी दुःखाची. "दुसऱ्याचं दुःख वाचायला अंगात ताकद लागते," म्हणायचात. आणि प्रत्येकीला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचात, "हिने ठरवलं होतं. एकदाही डळमळली नाही." मी मान खाली घालून पानं लावत राहायची. तुम्हाला वाटायचं, किती विनयशील.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी रोज संध्याकाळी यायचे. शेवटी तुम्हाला वाचवेना, म्हणून मी वाचून दाखवायचे, आणि तुम्हाला पानही जड व्हायला लागलं तेव्हा नुसते सांधे वाचायचे. "ती दारात," मी म्हणायची. तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "उभी राहिली." तेव्हा सांगायला हवं होतं मी. रोज ठरवून निघायचे आणि रोज खोलीच्या दारात धीर जायचा. तुम्ही गेलात आणि ते राहिलं ते राहिलंच.

तर हे सांगते. त्या शनिवारी मी काही ठरवलेलं नव्हतं. किंवा उलट, ठरवलेलं होतं. दिवाळी अंकांच्या कपाटामागे माझी पिशवी भरून ठेवलेली होती. सकाळी वहिनीची नजर चुकवून आणली होती. दोन साड्या, दातांचा ब्रश, आईचा फोटो. पाच वाजता मी त्याच्याबरोबर निघणार होते. त्याचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की तेवढं मात्र सगळं आत गेलं होतं. त्याने वीस मिनिटं दम धरला असता, तर मी हात धुऊन, तुमच्या पाया पडून गेले असते, बाई. माझा निर्धार वगैरे काही नव्हता. एक पुस्तक अर्धं सोडवेना आणि एक घड्याळ बाकावर ठेवलं गेलं, एवढंच. संध्याकाळी मी पिशवी परत घरी नेली आणि त्यातलं सामान फळीवर लावलं.

कामोठ्याच्या त्या मुलीला मी हेच सांगायला हवं होतं. तिच्याही घरी कुठेतरी भरलेली पिशवी असणार, आणि ती बघून तिला स्वतःची लाज वाटत असणार. सभासद नोंदीत तिच्या आईचा पत्ता आहे. उद्या सकाळी मी रिक्षाने जाणार आहे, पुस्तक न घेता. खळीचं पातेलं तेवढं नेणार आहे, लाल दोऱ्यासकट, आणि तिला म्हणणार आहे की हाताखाली कुणीतरी हवंय. पिशवीचं मी आधी सांगेन. हे पत्रही वाया जाणार नाही. एका जुन्या चरित्राची पाठ उसवलीय, तिला अस्तर हवंच आहे.

फक्त एक राहिलं. पिशवीत मी आणखी एक गोष्ट भरली होती, ती वर लिहायला हात धजला नाही. ते उलट्या फर्म्याचं पुस्तक. माझ्या सहीची चिठ्ठी असलेलं, बाजूला "खरं आहे" लिहिलेलं. त्या घरी परत जायचं तर ते माझ्याजवळ असायला हवं होतं, म्हणून घेतलं. सोमवारी गुपचूप जागेवर ठेवलं. तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे, म्हणून एकदाच म्हणते, माफ करा. बाई, मी त्याची नोंद केली नव्हती.